गल्ल्यावर पोहोचण्याआधी

मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरली की शहाद्याच्या लॉजमध्ये आणि भोजनालयांत पाय ठेवायला जागा उरत नाही. घोड्यांचे व्यापारी, एकमुखी दत्ताचे भाविक, वाट वाकडी करून तोरणमाळला जाणारे पर्यटक. अशा दिवसांत भाजी आंबल्याचे वेटरला आणि गिझर बिघडल्याचे खोली आवरणाऱ्या बाईला सर्वांत आधी कळते. मालकाला कळते ते पाहुणा चिडून गल्ल्यावर आला की.

‘आमची पोरं लाजरी, बोलतच नाहीत,’ असे अनेक मालक सांगतात. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. याच शहाद्यात 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंतींच्या साथीने आदिवासी शेतमजूर जमिनीसाठी, मजुरीसाठी बड्या जमीनदारांपुढे बोलले. बायका दारूविरुद्ध उठल्या. त्या मुलखातली पोरे तुमच्याकडे गप्प राहत असतील, तर कारण तुमच्या हॉटेलात शोधा.

बहुतेकदा ते कॅप्टनपाशी किंवा मॅनेजरपाशी सापडते. तक्रारपेटी टांगून काही होत नाही. थोडा अधिकार हाती द्यावा लागतो. खराब भाजी वेटरने कुणाला न विचारता बदलून द्यावी. ‘ही खोली आज देऊ नका,’ असे आवरणारी बाई म्हणाली, तर काउंटरने ती देऊ नये. आपल्या शब्दाने काही हलते हे दिसले की माणूस पुढची गोष्ट आपणहून सांगतो. कसोटी पगाराच्या दिवशी लागते. बदललेल्या भाजीचे पैसे वेटरच्या पगारातून कापले, तर त्या दिवसापासून सगळा स्टाफ तोंड मिटतो.

सकाळी कामे वाटताना अहिराणीत, भिलीत, पावरीत विचारा, आणि सर्वांत नव्या पोराला आधी. शुद्ध मराठीत विचारले की ‘हो साहेब’ एवढेच उत्तर येते.

सर्वांत अवघड बोलणे पाहुण्याच्या गैरवर्तनाविषयीचे. तिथे सुपरवायझरने आधी बाईच्या बाजूने उभे राहायचे, बिल किती झाले आहे ते नंतर. पाहुण्यांच्या त्रासापासूनही कामाची जागा सुरक्षित ठेवणे ही 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. त्या समितीचा पत्ता यात्रेआधी भटारखान्याच्या दारावर लावा, आणि तो तिथे कशासाठी आहे हे मॅनेजरने स्वतः सगळ्यांना सांगावे.