मुक्काम कुठं करायचा?

माझा भाचा दोन वर्षांपासून नोकरीसाठी जर्मनीत आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "मामू, छुट्टी में व्हेनिस देख के ग्रॅनाडा जानेवाले. रहना कां?" जुन्या शहरात खोली घेतली तर महाग पडते, बाहेर घेतली तर निम्म्या पैशात भागतं, हा त्याचा पेच होता. मी युरोपात कधी गेलेलो नाही. तरीही त्याला उत्तर दिलं. कारण हा प्रश्न मला आमच्या शेजारच्या विजापूरनं आधीच शिकवला आहे.

सोलापुरात विजापूर वेस आहे. वेस आता नावापुरतीच उरली, पण रस्ता कुठं जातो हे तिच्या नावातच आहे. दोन्ही शहरांचं नातं जुनं. अहमदनगरच्या हुसेन निजामशहानं आपली लेक चाँदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदणात दिला होता. म्हणजे आपलं गाव एकेकाळी लेकीच्या बरोबर विजापूरला गेलेलं. आज अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. सरकारदरबारी २०१४ पासून त्याचं नाव विजयपुरा झालं, आपल्या तोंडी मात्र विजापूरच आहे.

इतक्या जवळच्या शहरात आपण राहिलो किती वेळा? सोलापूरकराचं विजापूर ठरलेलं असतं. सकाळी डबा बांधायचा, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्यायची, गाडी काढायची. अकराच्या उन्हात गोल घुमट चढायचा. वर सज्जात शाळेच्या सहलीतली दोनशे पोरं एकदम ओरडत असतात. त्यात आपणही एक आरोळी ठोकायची. मग इब्राहिम रोजा, मुलूख-ए-मैदान तोफ, जमलंच तर जामा मशीद, आणि दिवेलागणीला परत. "विजापूर केलं" असं आपण म्हणतो. शहर 'करण्याची' ही वस्तू कधीपासून झाली?

मीही बरीच वर्षं असंच केलं. एकदा गाडी बिघडल्यानं रात्र तिथंच काढावी लागली. तटाच्या आतल्या एका साध्या लॉजमध्ये राहिलो. मालक खालच्या मजल्यावर कुटुंबासह राहत होता. फजरच्या नमाजनंतर चालतच गोल घुमटाकडे गेलो. वर गेलो तेव्हा सज्जात माझ्याशिवाय दोन माणसं होती. पलीकडच्या टोकाला एकानं हलकेच घसा खाकरला आणि तो आवाज माझ्या कानाशी आला. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ ची. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटरच्या आसपास. हे आकडे मला शाळेपासून पाठ होते. पण ही इमारत ओरडण्यासाठी नाही, कुजबुजण्यासाठी आहे, हे मला त्या सकाळी कळलं. परत आलो तर मालकाच्या आईनं चहा दिला आणि ताजबावडीच्या पाण्यावर पूर्वी कोण कोण यायचं ते सांगत बसली. तिची कानडीमिश्रित दखनी माझ्या आजीसारखी होती. दिवसाच्या फेरीत ही बाई मला भेटली नसती.

म्हणून भाच्याला सांगितलं, जुन्या शहरातच राहा, रात्री दोन कमी झाल्या तरी चालतील. तो हुशार आहे. म्हणाला, "पण मामू, तिथले लोक तर पर्यटकांना कंटाळलेत." त्याचंही खरं होतं. व्हेनिसच्या जुन्या भागात १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरमालकांनी घरं पाहुण्यांसाठी भाड्यानं लावली आणि स्वतः बाहेर राहायला गेले. एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं दिवसभर फिरायला येणाऱ्याकडून तिथं पाच युरो घेतले जाऊ लागले. बार्सिलोनानं त्याच वर्षी जाहीर केलं, की पर्यटकांना भाड्यानं दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून जास्त घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. त्यांचं दुखणं विजापूरच्या उलट आहे. विजापुरात पाहुणा राहत नाही, तिथं घरचा माणूस राहिला नाही.

मग नियम कोणता? माझ्यापुरता मी तो असा केला आहे : जिथं मालक त्याच गल्लीत झोपतो, तिथं मुक्काम करावा. मग ते चार खोल्यांचं लॉज असो की कुणाच्या घरातली वरची खोली. आपण दिलेले पैसे त्या गल्लीतल्या बेकरीत आणि दुधवाल्याकडे जातात. आणि मालकाला शेजाऱ्यांना तोंड द्यायचं असल्यानं तो आपल्यालाही शिस्तीत ठेवतो.

आता अवघड गोष्ट. मुसलमान माणूस खोली शोधतो तेव्हा हा नियम पुरा पडत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी फोनवर खोली ठरवली होती. रात्री नऊला पोचलो. काउंटरवरच्या मुलानं ओळखपत्र पाहिलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, "साहेब, बुकिंग फुल झालंय." मागच्या फळीवर किल्ल्या टांगलेल्या दिसत होत्या. बायको बरोबर होती, म्हणून वाद घातला नाही. तेव्हापासून आमच्या घरात एक सवय पडली. कुठंही जायचं तर आधी 'आपल्या' वस्तीतलं लॉज बघायचं. ही सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. तिला भित्रेपणा म्हणणाऱ्यानं आधी त्या काउंटरसमोर रात्री नऊला उभं राहून बघावं.

तरीही ही सवय मला खुपते. व्हेनिसमध्येच एक इमारत आहे, 'फोंदाको देई तुर्की'. १६२१ पासून १८३८ पर्यंत उस्मानी साम्राज्यातले मुसलमान व्यापारी तिथंच उतरत. हमामची सोय होती, नमाजची होती, मालाला कोठारं होती. आणि रात्री दारं बंद होत. एकट्या व्हेनिसला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या आधी काही शतकं इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला व्हेनिसचे व्यापारी उतरत, त्यांच्या सरायांचीही दारं रात्री बाहेरून लावली जात. 'फोंदाको' हा शब्दच अरबी 'फुंदुक'वरून आला. फुंदुक म्हणजे मुसाफिरखाना. माणसाला आसरा देणारा आणि त्याच वेळी शहरापासून वेगळा ठेवणारा. आपण स्वतःहून आपल्याच वस्तीतलं लॉज शोधतो, तेव्हा आपलाही फोंदाको होतो. फरक इतकाच, की कडी आपणच आतून लावतो.

म्हणून मी आता मधला मार्ग धरतो. आधी फोन करतो आणि पूर्ण नाव स्पष्ट सांगतो. नकार यायचाच असेल तर तो घरी बसून ऐकलेला बरा. पहाटे दार उघडता येईल का, हेही विचारून घेतो. एका जुन्या वाड्याच्या मालकीणबाईंनी उलट मलाच विचारलं होतं, "नमाजला उठणार असाल तर कडी दाखवून ठेवते." ते उत्तर काउंटरवरच्या त्या 'फुल'पेक्षा जास्त दिवस लक्षात राहिलंय. सोबत म्हातारी माणसं असतील, तर मात्र जुन्या घराचे उंच जिने आणि रात्री गल्लीतला उजेड आधी विचारावा. गुडघे दुखणाऱ्या आईला इतिहासाच्या नावाखाली तिसऱ्या मजल्यावर चढवू नये.

दुसरी बाजूही बघायला हवी. आपण पाहुणे म्हणून तक्रार करतो, यजमान म्हणून कुठं आहोत? प्रवासाला निघालेल्या, अडलेल्या मुसाफिराचा जकातीत हक्क सांगणारा आपला धर्म. औरंगाबादच्या पाणचक्कीवर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात फकिरांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना आजही लोकांच्या तोंडी आहे. आणि सोलापुरात? पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला जाणारी माणसं वर्षभर आपल्या स्टेशनवर उतरतात. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला गर्दी होते. यातला एखादा कधी आपल्या मोहल्ल्यात मुक्कामाला राहिला का? माझ्या एका हिंदू मित्राच्या घरच्यांनी त्याला आमच्या भागात रात्री थांबू नको म्हणून बजावलं होतं. मला वाईट वाटलं. मग लक्षात आलं, की मीही त्याला कधी "राहा" म्हटलं नव्हतं. "जेवून जा" म्हटलं होतं. राहा म्हणणं निराळं.

राज्याच्या पर्यटन खात्याची घरगुती न्याहारी-निवासाची योजना आहे. ज्यांच्या घरात वरची खोली रिकामी आहे, त्यांनी तिची चौकशी करायला हरकत नाही. चार पैसे मिळतील हा एक भाग. ज्या माणसानं आपल्या घरात एक रात्र काढली, त्याला आपल्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही सांगितलं तरी तो आधी आपल्या घरातला चहा आठवेल, हा दुसरा.

भाचा व्हेनिसला शेवटी एका आजीबाईंच्या घरी उतरला. बाई तळमजल्यावर राहतात, वरची खोली देतात. ग्रॅनाडात त्यानं 'कोराल देल कार्बोन' पाहिलं. चौदाव्या शतकातला तो फुंदुक अजून उभा आहे, खाली माल आणि वर माणसं अशी त्याची रचना. फोटो पाठवून त्यानं लिहिलं, "मामू, आता विजापूरलाही एक रात्र राहू."

मी विजापूरच्या त्या लॉजला फोन लावला. पूर्ण नाव सांगितलं. खोली आहे म्हणाले.