अंगावर काढलेल्या गोवराची किंमत

16 मार्च हा राष्ट्रीय लसीकरण दिन. पल्स पोलिओ मोहिमेच्या 1995 सालच्या सुरुवातीशी तो जोडला जातो. 2011च्या जानेवारीत हावड्यात सापडलेल्या रुग्णानंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूने एकही मूल लुळं केलेलं नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र हा दिवस मोहाच्या हंगामात येतो. पहाटे टोपल्या घेऊन माणसं फुलं वेचायला रानात जातात. अंगणवाडीत नर्सबाई लशीचा डबा उघडून बसते, तेव्हा गावात म्हातारी माणसं तेवढी असतात. काही कुटुंबं त्याआधीच मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात, लेकरांसकट. मोह संपला की तेंदूपत्ता सुरू.

लस चुकते ती बहुतेक अशी. पण तिच्या जोडीला एक समजूतही आहे: गोवर एकदा अंगावर निघून गेला की पोर पक्कं होतं. पूर्वी ही समजूत खेड्यापाड्यांत ऐकू यायची. आता शहरांतल्या शिकल्यासवरल्या घरांतही ‘नैसर्गिक प्रतिकारशक्ती’ या नावाने तीच बोलली जाते. ती निव्वळ खोटी नाही, म्हणूनच तिला नीट उत्तर दिलं पाहिजे. गोवर होऊन बरं झालेल्या मुलाला तो सहसा आयुष्यात पुन्हा होत नाही. देवी येऊन गेलेल्या माणसालाही त्या पुन्हा येत नसत. पण देवींच्या उग्र साथीत दहांतली तीन माणसं दगावत. जी जगली त्यांच्याच तोंडून आपण ‘आमच्या वेळी सगळ्यांना व्हायचं, काही झालं नाही’ हे ऐकतो. गेलेल्यांची साक्ष कुणी काढत नाही.

गोवराचा दुसरा घाव तर डोळ्यांना दिसतही नाही. तो शरीराची आधीची ओळख पुसतो. 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तातली इतर रोगांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं गोवरानंतर नाहीशी झाल्याचं आढळलं. म्हणजे गोवराशी लढून पोर पक्कं होत नाही. एका रोगापुरतं पक्कं होतं आणि बाकीच्यांसाठी उघडं पडतं. पुरळ मावळतं, घरात पुन्हा फोडणी पडते, आणि पंधरवड्याने त्याच लेकराची छाती भरून येते.

छाती भरण्याचा अर्थ गडचिरोलीला कुणी सांगायला नको. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने इथल्या शंभरावर खेड्यांत बालमृत्यूंचा माग काढला, तेव्हा न्यूमोनिया हा मोठा मारेकरी निघाला. गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं की हे मृत्यू घटतात, हे त्यांनी 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. तिथवर पोचायला जे कष्ट पडले ते आठवले, तर न्यूमोनियाला वाट करून देणारा गोवर मुद्दाम अंगावर काढू द्यावा असं कुणी म्हणणार नाही. पुण्यातल्या मुलाला न्यूमोनिया झाला तर रुग्णालय काही मिनिटांवर असतं. भामरागड गडचिरोलीपासून दीडशे किलोमीटरहून लांब आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो, तालुकाच तुटतो. आजारातून मिळणाऱ्या प्रतिकारशक्तीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ती सर्वांत महाग पडते कुपोषित, दूरच्या, रस्ता नसलेल्या गावच्या लेकराला.

शिवाय प्रत्येक आजार काही शिकवून जातोच असं नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते, कारण त्या रोगाचं विष इतक्या थोड्या मात्रेत मारतं की शरीर त्याविरुद्ध तयारच होत नाही. हिवताप इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. वारंवार झाल्याने थोडं संरक्षण मिळतं खरं, पण ते अपुरं आणि तात्पुरतं. हिवतापाशी झगडताना इथल्या रक्तात सिकलसेलचा गुण टिकून राहिला. आई आणि वडील या दोघांकडून तो आला, तर मुलाला आयुष्यभराचं दुखणं लागतं. अशा मुलाची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि न्यूमोकोकस जंतू त्याच्या जिवावर उठतो. ज्या मुलखात सिकलसेल घरोघरी ऐकू येतो, तिथे न्यूमोकोकसची लस चुकणं किती महागात पडेल, याचा विचार प्रत्येक आरोग्य केंद्राने करावा.

लशीतही त्रास आहे, तो लपवू नये. पाय दुखतो, ताप येतो, रात्रभर मूल रडतं आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. हे आधी सांगितलं नाही तर पुढच्या वेळी आई येत नाही, आणि तो दोष आईचा नव्हे. तिच्याशी माडियात, गोंडीत, कोलामीत बोलणारी आशाताई हवी. पुजाऱ्याला हिणवून काही साधत नाही; लेकराला ताप आला की घरचे आधी त्याच्याकडे जातात, तेव्हा त्यालाही विश्वासात घ्यायला हवं.

गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. एका डोसाने काही मुलं कोरी राहतात, म्हणून दुसरा. पावडर द्रावणात मिसळली की कुपी चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. दोनच मुलं आली तर कुपी फोडावी की नको, असा प्रश्न नर्सबाईपुढे उभा राहतो. तिला वरून स्पष्ट सांगा: एका मुलासाठीही फोडा, वाया गेलेल्या डोसांचा जाब कुणी विचारणार नाही.

दोन्ही जिल्हा परिषदांकडे आमची मागणी साधी आहे. मार्च ते मे लसीकरणाची सत्रं मोह आणि तेंदूपत्त्याचं वेळापत्रक पाहून दुपारनंतर, आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा. मिरचीला निघालेल्या कुटुंबांची यादी जाण्याआधीच करा, कार्ड त्यांच्या हातात द्या आणि परतल्यावर घरी जाऊन तपासा. आणि वाचकहो, तुमच्या शेतावर, वीटभट्टीवर वा बांधकामावर बाहेरगावचं कुटुंब राबत असेल, तर त्यांच्या लेकराची कुठली लस राहिली आहे का, एवढं विचारा आणि जवळच्या आशाताईला कळवा.