दप्तराविना पाच महिने

वर्गाच्या भिंतीवर चिकटवलेले साप्ताहिक वेळापत्रक हा शाळेतील सर्वांत निरुपद्रवी कागद समजला जातो. सोमवारी पहिली तासिका मराठीची, दुसरी गणिताची, मधल्या सुटीनंतर विज्ञान, शनिवारी सकाळची शाळा आणि कवायत. यात राजकारण ते कोणते, असे कोणीही विचारील. वस्तुतः शासनाच्या शिक्षणविषयक साऱ्या भाषणांहून हा कागद अधिक बोलका आहे. राज्याने आपल्या मुलांना काय देऊ केले आणि त्यातले किती त्यांच्या पदरात पडते, याचा हिशेब त्याच्या सहा रकान्यांत मांडलेला असतो. कार्यकर्ते रेशन दुकानावरचा फलक वाचतात, रोजगार हमीचे हजेरीपट तपासतात. सातवीच्या वर्गाचे वेळापत्रक मात्र कोणी वाचत नाही.

कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले. भागाकार केला तर दिवसाला साडेचार तासांहून किंचित अधिक, आणि सहा दिवसांच्या आठवड्याला सुमारे २७ तास होतात. त्याच अनुसूचीत शिक्षकाने तयारीचा वेळ धरून आठवड्याला किमान ४५ तास काम करावे असे म्हटले आहे. म्हणजे उरलेले १८ तास पाठाची तयारी करणे, वह्या तपासणे आणि मागे पडलेल्या मुलाला जवळ बसवून घेणे यांसाठी आहेत. हे १८ तास जातात कोठे? ते पोषण आहाराच्या नोंदींत जातात, आधार क्रमांकांच्या जुळणीत जातात, एकच माहिती तीन निरनिराळ्या संगणक प्रणालींत भरण्यात जातात, वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप गटावर कार्यक्रमाची छायाचित्रे पाठवण्यात जातात. कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढेच अपवाद ठेवले होते. मतदार याद्यांचे काम शिक्षकांना सुटीच्या आणि अध्यापनेतर दिवशीच द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले होते. पण नोकरशाहीला अपवादाचे दार किलकिले दिसले की ती त्यातून अख्खी बैलगाडी आत घालते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकावर आळसाचा शिक्का मारणाऱ्या मध्यमवर्गीय पालकाने त्याच्या एका आठवड्याची रोजनिशी उघडून पाहावी.

विषयवार शिक्षकांची कथा याहून वाईट आहे. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गास किमान एक शिक्षक असावा आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना किमान एकेक असावा, असे कायदा म्हणतो. दर ३५ मुलांमागे एक, हे प्रमाणही त्यात आहे. पण कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक कायद्याने दिले ते पट शंभराच्या वर असेल तरच. साठ-सत्तर मुलांच्या खेड्यातल्या शाळेत चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे आणि चित्रकलेचा शिक्षक कायद्यातच नाही! तो रकाना मग गणिताने किंवा गोंगाटाने भरला जातो. त्यात मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने पटाच्या अटी आवळल्या, आणि लहान वस्त्यांवरच्या शाळांत शिक्षक राहणार की नाही, हाच प्रश्न शिक्षक संघटनांना रस्त्यावर आणून गेला. २०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा लादण्याच्या निर्णयावर महाराष्ट्र पेटून उठला आणि शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला. ते योग्यच झाले. परंतु जेथे पहिली भाषा शिकवायलाही माणूस नाही, त्या वर्गासाठी त्या संतापाचा दहावा हिस्साही आजवर खर्ची पडलेला नाही.

आता गृहपाठाकडे वळू. या शब्दातच गृह गृहीत धरलेले आहे. ज्या घरात दिवा आहे, बसायला कोपरा आहे, वही पाहणारी शिकलेली आई आहे, प्रकल्पासाठी रंगीत कागद आणायला पैसे आहेत, त्या घराला उद्देशून तो दिला जातो. यशपाल समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजलेल्या अभ्यासाचे ओझे अधिक घातक असल्याचे दाखवून दिले होते. सत्तावीस वर्षांनी, २०२० मध्ये, केंद्राचे दप्तर धोरण आले. सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास गृहपाठ, आणि दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, असे त्यात ठरले. महाराष्ट्राने २०२३ पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने शिवून पाहिली आणि २०२५ मध्ये तो प्रयोग गुंडाळला. वजनकाटा हा आपल्या शिक्षण खात्याचा आवडता उपाय आहे. ओझे पाठीवर किती, हे मोजता येते. डोक्यावर किती आणि कोणाच्या, हे मोजायला गेले की वर्गव्यवस्थेशी गाठ पडते.

ही गाठ कशी पडते, हे बीड जिल्ह्याच्या ऊसतोड गावांत पाहावे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवराबायकोच्या जोडीला तेथे कोयता म्हणतात. माणसाचे नाव अवजाराला नव्हे, अवजाराचे नाव माणसाला. या जोडीबरोबर सातवीतली मुलगीही जाते, कारण कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळायला आणि पाणी भरायला कोणी तरी हवे. तिच्या वर्गाच्या भिंतीवर वेळापत्रक तसेच असते. सोमवारची मराठी, मंगळवारचे भूगोलाचे प्रकरण, शुक्रवारी तपासायची वही, सर्व तसेच. फक्त ती तेथे नसते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, त्या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या हाताखाली काम शिकावे, अशी शिफारस केली आहे. शहरातल्या शाळांना ती मोठी पुरोगामी वाटली. श्रमप्रतिष्ठेवर व्याख्याने झाली. ऊसतोडीच्या मुलीला दप्तराविना दहा दिवस नव्हेत, पाच महिने मिळतात! पण तिच्या श्रमाला शाळेच्या लेखी किंमत शून्य. बांधलेल्या मोळ्या, भरलेल्या गाडीचे वजन, टनाचा दर, उचलीतून वळती झालेली रक्कम आणि अंगावर राहिलेली बाकी, हे गणित ती रोज ऐकते. वजाबाकी आणि शेकडेवारी यांचा याहून जिवंत पाठ कोणत्याही पुस्तकात नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नई तालीमने श्रम शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणू पाहिले होते. त्याचा वारस म्हणून वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाची एक तासिका उरली आहे आणि तीत कागदाची फुले होतात.

मुलगी परतते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात बसवण्याची मुभा घेतली. पाच महिने वर्ग देता आला नाही म्हणून शासनाला कोणी नापास करत नाही. नापास होते ती मुलगी, आणि आठवीत नापास झालेल्या मुलीचे पुढे काय होते, हे त्या गावांत कोणाला विचारावे लागत नाही. लग्नाच्या गोष्टी आधीच सुरू झालेल्या असतात. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, नाही असे नाही. पण गाडी गावातून हलण्यापूर्वी वसतिगृहाची चूल पेटली नाही, तर आईबाप मुलीला कोणाच्या भरवशावर मागे ठेवतील?

यावर काही मित्र सोपा उपाय सुचवतात: गृहपाठच बंद करा, परीक्षाही बंद करा. या भावनेचा उगम चांगला असला तरी निष्कर्ष फसवा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील गृहपाठ एका परिपत्रकाने बंद करता येईल. लातूरच्या, पुण्याच्या क्लासमधला बंद होणार नाही. सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये घेऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढल्या. सातवीपासूनच्या ‘फाउंडेशन’ वर्गांच्या जाहिराती त्यामुळे उतरल्या नाहीत. एका मुलाने आठवड्याला शाळेचे २७ तास आणि विकत घेतलेले बारा तास शिकावे आणि दुसऱ्याला २७ मधले पंधराही धड मिळू नयेत, असा हा सामना आहे. त्यात दुसऱ्याच्या हातची वही काढून घेणे म्हणजे समता नव्हे. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. त्यांनी शिक्षण कमी करा असे म्हटले नव्हते. ते खालपर्यंत पोहोचवा आणि कुणब्याच्या कामाचे करा असे म्हटले होते.

मागणी असली पाहिजे ती गृहपाठ शाळेत आणण्याची. दिवसाची अखेरची तासिका स्वाध्यायाची असावी आणि ती शिक्षकाच्या नजरेखाली व्हावी. घरी न्यायचे ते वाचनाचे पुस्तक. पण यासाठी शिक्षकाचे ते १८ तास परत मिळवावे लागतील, आणि ते कारकुनाची पदे भरल्याखेरीज मिळणार नाहीत. प्रश्न शेवटी पैशाचा आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याचे लक्ष्य १९६६ च्या कोठारी आयोगाने देशापुढे ठेवले. प्रत्येक पक्षाने ते जाहीरनाम्यात छापले आणि एकाही सरकारने गाठले नाही. चळवळीतल्या लोकांनी गावोगाव अभ्यासिका आणि रात्रशाळा चालवल्या, अजून चालवतात; त्यांचे मोल मोठे आहे. मात्र अभ्यासिका चालवल्याने वर्गातील रिकाम्या खुर्चीचा प्रश्न सुटला असे मानले, तर आपण शासनाचे बिनपगारी निदेशक ठरू.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि समितीचे निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. बहुतेक गावांत ही समिती सरपंचाच्या घरातल्या सह्यांपुरती असते. पक्षाच्या तालुका शाखांनी या दिवाळीपूर्वी आपापल्या गावच्या समितीची बैठक लावून घ्यावी, सहावी ते आठवीची वेळापत्रके मागवावीत आणि मागील चार आठवड्यांत कोणती तासिका प्रत्यक्ष झाली, कोणती झाली नाही, हे मुलांनाच विचारून त्यावर लाल शाईने खुणा कराव्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी त्याच बैठकीत करावी, आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्याकडे देऊन त्याची पोच घ्यावी. पहिली गाडी गावातून निघते त्या तारखेच्या आत.