यांत्रिक गडी घडवितांना

गेल्या वर्षीं एका पालकांनीं आम्हांस पत्र लिहून विचारलें कीं, शाळेच्या संगणक-कक्षांत मुलें शनिवारीं बंदुकीचे खेळ खेळतात, हें खरें काय? प्रश्न रास्त होता. असले खेळ आम्हांसहि प्रिय नाहींत. परंतु ज्या तीन शनिवारांविषयीं तक्रार होती, त्या दिवशीं तेथें एकहि गोळी सुटली नव्हती. मुलें लिनक्स सर्व्हरसाठीं बॉट घडवीत होतीं, आणि तो घडत नव्हता!

बॉट म्हणजे खेळांत माणसाच्या जागीं उतरणारा यांत्रिक गडी. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ सन १९९९ मध्यें ‘हाफ-लाइफ’वर बेतून निघाला, तेव्हां त्यांत असे गडी नव्हते, ते हौशी लोकांनीं लिहिले. त्यांपैकीं कांहींची मूळ संहिता आज कोणासहि मिळते. ही संहिता माणसानें वाचावयाची. तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करणें म्हणजे कंपाइल करणें. विंडोजवर त्यांतून डीएलएल फाइल निघते, लिनक्सवर एसओ. एकीचें काम दुसरीनें होत नाहीं.

पहिली ठेंच क्षुल्लक होती. एका मुलानें घरीं विंडोजवर जोडलेल्या फाइलीचें नांव एके ठिकाणीं मोठ्या इंग्रजी अक्षरानें व दुसरीकडे लहान अक्षरानें लिहिलें होतें. विंडोजनें तें चालवून घेतलें, लिनक्सनें घेतलें नाहीं. कंपायलरनें चुकांची लांबलचक यादी पुढें टाकली. अशा वेळीं पहिलीच चूक वाचावी. बाकीच्या बहुधा तिचींच पोरें असतात.

दुसरी ठेंच खोल होती. कंपायलरनें चकार शब्द न काढतां फाइल तयार केली, पण सर्व्हर ती स्वीकारीना. यंत्र ६४ बिटांचें आणि ह्या जुन्या खेळाचा सर्व्हर ३२ बिटांचा! कंपायलरला ३२ बिटांची आज्ञा दिली, तों त्या जातीच्या लायब्ऱ्याच यंत्रावर नाहींत असें निघालें. त्या बसवीपर्यंत तिसरा शनिवार मावळला.

मधेंच एकानें तयार फाइल उतरवून घेण्याची युक्ति सुचविली. आम्हीं साफ नकार दिला. बॉटाची फाइल सर्व्हरच्या पोटांत शिरून त्याच्याच अधिकारानें चालते. अनोळखी इसमाची फाइल घेणें म्हणजे घराच्या किल्ल्या त्याच्या हातीं देणें होय. शिवाय तयार फाइलीनें मुलांचे तीन शनिवार वांचले असते हें खरें. पण तेच तर आम्हांस हवे होते. पाठ केलेलें उत्तर परीक्षकापुढें खपतें, कंपायलरपुढें खपत नाहीं.

चौथ्या शनिवारीं आम्हीं त्या पालकांस मुद्दाम बोलाविलें. सर्व्हर सुरू झाला, बॉट मैदानांत उतरला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “हा हालत कां नाहीं?” त्यांनीं विचारलें. मैदान मुलांनीं स्वतः रचिलेलें होतें, आणि त्यांत वाटांच्या खुणा घालावयाच्या राहिल्या होत्या; त्यांवांचून ह्या गड्यास रस्ता कळत नाहीं. मुलानें वडिलांस हें समजावून सांगितलें. मग दोघेहि खुर्च्या ओढून खुणा घालीत बसले, आणि कक्ष बंद करण्यास आम्हांस बराच उशीर झाला.