साल किती, तेल कुठले?

आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरली की नागपुरात संत्र्याच्या साबणाचाही हंगाम सुरू होतो. बचत गटांच्या प्रदर्शनांत केशरी वड्या मांडल्या जातात आणि वेष्टनावर साधारण एकच मजकूर असतो : 'फळांच्या सालींपासून बनवलेला पर्यावरणपूरक साबण.' गिऱ्हाइकाला हे वाचून बरे वाटते. पण हे मासिक साबण बनवणाऱ्यांचे आहे. तेल आणि कॉस्टिक एकत्र आल्याशिवाय साबण होत नाही, हे आपल्याला पहिल्या घाण्यापासून ठाऊक असते. साल ही त्यात घातलेली भर आहे. ती किती आणि कशासाठी, एवढाच प्रश्न उरतो आणि तोच आपण टाळत आलो आहोत.

हिशेब करून पाहू. 100 ग्रॅमच्या वडीत सालीची पूड फार तर 3 ग्रॅम बसते. त्याहून जास्त घातली की वडी भुसभुशीत होते. ताज्या सालीत सुमारे तीन चतुर्थांश पाणी धरले, तर 3 ग्रॅम पुडीला 12 ग्रॅम ओली साल लागते. म्हणजे 1000 वड्यांना 12 किलो. एका ग्लासाला तीन संत्री आणि संत्र्यामागे 40 ग्रॅम साल धरली, तर 100 ग्लास रस विकणारे ज्यूस सेंटर तेवढी साल टाकून देते. त्याच 1000 वड्यांना तेल मात्र 65 ते 70 किलो लागते. पर्यावरणाचा निकाल या तेलावर लागतो, सालीवर नाही. बाजारातून आणलेला पारदर्शक बेस वितळवून त्यात पूड टाकली असेल, तर साबण कारखान्यात आधीच झालेला असतो. बेस वापरण्यात गैर काही नाही, पण त्या वडीला 'सालींपासून बनवलेला' म्हणणे गैर आहे.

तेलाच्या बाबतीत विदर्भ कंगाल नाही. गडचिरोली-गोंदियाकडे मोहाच्या टोळीचे तेल आहे, करंज आणि कडुनिंब आहेत, कापसामुळे सरकी आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने 'अखाद्य तेल व साबण' हा जोडउद्योग म्हणूनच धरला, तो उगाच नव्हे. मोहतेलाची वडी घट्ट येते; फेसासाठी थोडे खोबरेल घालावे लागते. सरकीची वडी मऊ राहते आणि लवकर खवट होते, म्हणून तिचे प्रमाण कमी ठेवावे. कडुनिंबापुढे संत्र्याचा वास टिकत नाही, तेव्हा ही जोडी जमवू नये.

खरोखर टाकाऊपासून साबण करायचा असेल, तर तर्री-पोहे आणि भज्यांच्या कढईत उरलेले तेल पाहा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 1 जुलै 2018 पासून 25 टक्क्यांहून अधिक ध्रुवीय संयुगे झालेले तेल पुन्हा तळणीला चालत नाही. दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्या स्वयंपाकघरांना ते अधिकृत संकलकाकडेच द्यावे लागते. तिथे हात घालू नये. बाकी ठिकाणचे तेल गाळून, धुऊन भांड्यांच्या वडीला उत्तम चालते.

सालीची खरी जागा आम्हाला याच भांड्यांच्या वडीत दिसते. चेहऱ्याला ओरखडे काढणारी भरड पूड कढईच्या तळाला हवीच असते. सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असते; ते चिकटा सोडवते आणि तळणीचा वास दबवते. अंगाच्या साबणात मात्र ते जपून वापरावे. हवा लागून जुने झालेले लिमोनीन काहींच्या त्वचेला ॲलर्जी करते. म्हणून सालीचे तेल गडद बाटलीत, काठोकाठ भरून, थंड जागी ठेवावे आणि त्याचे नाव वेष्टनावर लिहावे.

बायो-एन्झाइमचा गोंधळही इथेच निस्तरू. एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी तीन महिने आंबवून होणारे द्रावण फरशी पुसायला चांगले. पण ते आम्ल आहे. एक किलोच्या घाण्यात 700 ग्रॅम मोहतेल आणि 300 ग्रॅम खोबरेल घेतले, तर सुमारे 150 ग्रॅम कॉस्टिक लागते. पाच टक्के तेल मोकळे ठेवायचे तर 142. त्यात पाण्याऐवजी तीन टक्के ॲसेटिक आम्ल असलेले 300 ग्रॅम द्रावण घातले, की 9 ग्रॅम आम्ल 6 ग्रॅम कॉस्टिक खाऊन टाकते. मोकळे तेल पाचावरून नवावर जाते. वडी मऊ पडते, घाम सोडते, पुढे खवटते आणि दोष जातो हवेवर. सायट्रिक आम्लाचेही असेच : 10 ग्रॅमला सव्वासहा ग्रॅम कॉस्टिक जादा लागते. पण त्यातून होणारे सोडियम सायट्रेट बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा साचू देत नाही, म्हणून ते हिशेबाने घालण्यात फायदा आहे.

केळीच्या सालीची राख हा अपवाद. तिथे साल खरोखर क्षार देते. मात्र राखेत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. त्याला चुन्याने तिखट केल्याशिवाय तेल नीट फुटत नाही, साबण मऊच होतो आणि दर खेपेला राखेचा जोर बदलतो. टायट्रेशन न करता हा साबण विकू नये.

कायद्याची बाजूही आता सैल राहिलेली नाही. 1982 च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून साबणाला दिलेली सूट गेली. अंगाचा साबण विकायला बनवायचा तर 2020 च्या नियमांखालचा परवाना हवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरण्याला आळा घातला आहे. पुरावा गोळा करणे नागपूरकरांना अवघड नसावे. 1942 पासून चालत आलेली लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था तेल तंत्रज्ञान शिकवते, वर्ध्याला मगनवाडीत ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. दारात एवढे ज्ञान असताना आपण वेष्टनावर अंदाज छापत बसावे, हे शोभत नाही.

म्हणून पुढच्या अंकापासून आम्ही एक नियम लावत आहोत. सालीचा साबण असे शीर्षक असलेल्या प्रत्येक कृतीत चार गोष्टी असल्याच पाहिजेत : 100 ग्रॅम वडीत सुकी साल किती ग्रॅम, तिचे काम काय – घासणे, रंग, वास की क्षार, तेल कोणते आणि कुठून आणले, आणि आम्लामुळे कॉस्टिक किती वाढवले. चारांपैकी एक जरी नसेल तर कृती छापली जाणार नाही, मग ती कितीही मोठ्या नावाने आलेली असो. हाच तपशील वेष्टनाच्या मागच्या बाजूला सहज मावतो. 'मोहतेल 60 टक्के, संत्र्याच्या सालीची पूड 3 टक्के' हे वाचणारे गिऱ्हाईक दोन रुपये जास्त देईल की नाही, सांगता येत नाही. पण त्याने प्रश्न विचारला, तर आपल्याकडे उत्तर असेल.