चमत्कार म्हणू नका

2016-17 च्या आय-लीग फुटबॉलचा विषय निघाला की लोक आजही लगेच म्हणतात, तो तर चमत्कार होता. मिझोरामच्या ऐझॉल एफसीने मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि बेंगळुरूला मागे टाकून विजेतेपद मिळवले, म्हणजे चमत्कारच की! हा शब्द मला मान्य नाही. कौतुकासारखा वाटतो खरा, पण ज्यांचे कौतुक करायचे त्यांच्याच हातून तो श्रेय काढून घेतो. देवाने दिलेल्या गोष्टीवर माणसाला हक्क सांगता येत नाही. ऐझॉलचा इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) जागेचा हक्क 2017 मध्ये नाकारला गेला, आणि ते इतके सहज झाले याचे एक कारण हा शब्द आहे, असे माझे मत आहे.

चमत्कार म्हणणाऱ्यांचा पहिला आक्षेप असा की ऐझॉल त्या मोसमात मुळात खेळायलाच नको होते. आधीच्या मोसमात ते खालच्या श्रेणीत घसरले होते, आणि साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या संघांनी लीगमधून अंग काढून घेतले म्हणून त्यांना परत जागा मिळाली. घटना खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते. 2015-16 मध्ये नऊ संघांत ऐझॉल आठवे होते. नववा संघ आपल्या पुण्याचा, डीएसके शिवाजीयन्स. तो घसरला नाही, कारण त्याला लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला होता आणि त्या प्रवेशाबरोबर घसरणीपासून संरक्षणही. म्हणजे तळाचा संघ जागेवर राहिला आणि त्याच्या वरचा बाहेर गेला. याच ऐझॉलने त्याच वर्षी फेडरेशन चषकाची अंतिम फेरी गाठली होती. तिथे बागानने त्यांना 5-0 असे हरवले, हेही सांगायला हवे. तरी अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाला परत घेणे ही दया नव्हे. झालेली चूक थोडीफार दुरुस्त झाली, इतकेच.

दुसरा आक्षेप डोंगराचा. उंचावरचे शहर, कृत्रिम हिरवळ, पाहुण्या संघांना दम लागतो, चेंडूच्या उसळीचा अंदाज येत नाही. पण शिलाँग ऐझॉलपेक्षा उंच आहे. तिथला लाजाँग संघ कृत्रिम हिरवळीवर वर्षानुवर्षे आय-लीग खेळला आणि कधीच विजेता झाला नाही. आमच्या मुंबईच्या कूपरेज मैदानावरही तीच प्लास्टिकची हिरवळ. मुंबई एफसी तिच्यावरच खेळायचा, आणि त्या मोसमात दहा संघांत दहावा आला.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा मानला जातो: चांगले खेळाडू आयएसएलकडे गेले होते, आय-लीग पोकळ झाली होती. हे सांगणारे दोन वेगळे काळ एकात मिसळतात. तेव्हा आयएसएल डिसेंबरात संपायची आणि आय-लीग जानेवारीत सुरू व्हायची. बरेचसे भारतीय खेळाडू दोन्हीकडे खेळत. बेंगळुरूकडे सुनील छेत्री होता, आणि काही महिन्यांपूर्वीच तो संघ एएफसी चषकाची अंतिम फेरी खेळून आला होता. बागानकडे हैतीचा सोनी नॉर्दे होता आणि खुद्द मिझोरामचा जेजे लालपेखलुआ. अशा संघांना मागे टाकून ऐझॉलने 18 सामन्यांत 37 गुण केले. बागानचे 36 झाले.

मग हे घडले कसे? जेमतेम अकरा लाख वस्तीच्या मिझोरामने 2012 मध्ये स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली, तिथले सामने स्थानिक वाहिनीवरून घराघरांत पोचले, आणि 2014 मध्ये या राज्याने संतोष करंडक जिंकला. पोरे आधीच तयार होत होती. त्यांना हवा होता तो शिस्तीचा प्रशिक्षक मुंबईने दिला, तोही नकळत. खालिद जमील सात मोसम मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. तुटपुंज्या पैशांत त्यांनी दरवर्षी संघाला घसरणीपासून वाचवले. 2016 मध्ये त्यांना निरोप मिळाला. कूपरेजच्या पायऱ्यांवर बसून आम्ही त्यांच्या बचावात्मक खेळावर कुरकुर करायचो, एक-शून्यला कंटाळायचो. त्या एक-शून्याची किंमत आम्हाला ते गेल्यावर कळली.

ऐझॉलला ते गेले आणि मुंबईकडून खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहताही तिथे दिसू लागले. गोलजाळ्यासमोर गोव्याचा अल्बिनो गोम्स, मध्यफळीत सीरियाचा महमूद अल आमना आणि लायबेरियाचा अल्फ्रेड जार्यान, आणि बाकीची बहुतेक मिझो पोरे. 22 एप्रिलला बागान ऐझॉलमध्ये आला. 83 व्या मिनिटापर्यंत गोल नाही. मग बचावपटू झोहमिंगलिआना राल्टे उंच उठला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. पुन्हा तेच एक-शून्य.

आठ दिवसांनी शिलाँगमध्ये एका गुणाची गरज होती. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांडाने गोल केला, तोच त्या मोसमात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीशी खेळत होता आणि तो सामना त्याने 2-1 असा जिंकला. म्हणजे पाऊणएक तासापेक्षा जास्त वेळ ऐझॉलचे विजेतेपद धोक्यात होते. परक्या मैदानावर, पिछाडीवर असताना हा संघ सैरभैर झाला नाही. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि उरलेला वेळ संघाने ती धरून ठेवली. ईशान्येतला संघ देशाचा लीगविजेता होण्याची ही पहिलीच वेळ. ज्याला हे नशीब वाटते, त्याने ती शेवटची वीसेक मिनिटे पुन्हा पाहावीत. सात वर्षे घसरण टाळत आलेल्या प्रशिक्षकाने संघाला काय शिकवले होते, ते त्यांत दिसते.

आता हक्काचे बोलतो. त्याच उन्हाळ्यात आयएसएल आणि आय-लीग एकाच वेळी खेळवायचे ठरले, आणि वरचे स्थान आयएसएलला मिळणार हे उघड होते. त्या मोसमात चौथा आलेला बेंगळुरू बोली लावून आयएसएलमध्ये गेला. बेंगळुरूला मी दोष देत नाही, दार उघडे होते, ते आत गेले. पण दार पैशाचे होते. विजेत्या ऐझॉलसाठी ते उघडले नाही, त्यांच्या मालकांनी उपोषणाचा इशारा दिला तरी नाही. गुणतक्त्यात पहिला येणारा खाली राहतो आणि चौथा वर जातो, तर 18 सामने खेळवले कशासाठी? पैसा हाच पाया मानला, तर तो भक्कम तरी असायला हवा ना! थेट प्रवेश मिळवलेला डीएसके शिवाजीयन्स पुढच्या मोसमात लीगमध्ये नव्हता. मुंबई एफसीही संपला.

आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये जागा देण्याचा नियम अखेर लागू झाला, आणि 2022-23 चा विजेता पंजाबचा संघ त्या वाटेने वर गेला. ऐझॉलने हेच सहा वर्षे आधी मागितले होते, आणि मागताना त्यांच्या हातात चषक होता.