गोटा टायर आणि नवा चालक

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मालमोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. तथापि गोटा झालेल्या टायरांवर घाट उतरण्याचा प्रसंग अनेकदा नवशिक्या चालकावरच येतो. नियमित पगार आणि सुस्थितीतील गाडी ही त्याची अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय? भाड्याच्या स्पर्धेत लहान मालक मेटाकुटीस येतो, हे खरे. परंतु टायरवर वाचलेल्या पैशाचा लाभ मालकाला व माल पाठविणाऱ्याला आणि धोका मात्र चालकाच्या माथी, ही वाटणी न्याय्य नव्हे. ओल्या रस्त्यावरील पाणी खाचांवाटे बाहेर पडते. त्या झिजल्या की चांगला ब्रेकही दगा देतो. म्हणून नोकरी न गमावता अशी गाडी नाकारण्याचा हक्क चालकास हवा, आणि नव्या टायरचा खर्च भाड्याच्या दरातच धरला गेला पाहिजे.